आखूड शेपूट

त्याचं खरं नाव ऑफिसात कुणाला माहीत असेल तर ते पगार काढणाऱ्या कॉम्प्युटरला. बाकी सगळे त्याला फुटपट्टी म्हणायचे, आणि तेही तोंडावर. अंगानं सरळसोट, बोलण्यात वळण नाही, आणि काम काय तर मापं काढायची. नाव ठेवणारा केव्हाच नोकरी सोडून गेला, नाव मात्र चिकटून बसलं. आधी आधी फुटपट्टीला त्याचा राग यायचा. आता पन्नाशी उलटली होती आणि रागावण्याचाही कंटाळा आला होता.

मापं कसली, असं कुणी विचारलं की तो मनातल्या मनात हात जोडायचा. कारण सांगायला घेतलं की ऐकणाऱ्याचे डोळे पहिल्या दोन वाक्यांतच पेंगायला लागतात. पण सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही, तेव्हा जरा दम धरा.

तो होता एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर खात्यात. पेशंटचे रिपोर्ट, एक्सरे, स्कॅन, औषधं, सगळं तळघरातल्या मशिनींवर लिहिलं जायचं. आणि जे इथे लिहिलं जायचं ते त्याच क्षणी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका वेगळ्या इमारतीतल्या मशिनींवरही लिहिलं जायचं. उद्या इथे आग लागली, तळघरात पाणी शिरलं, तरी तिकडे सगळं शाबूत. इतकं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात. पण खरं घोडं पेंड खातं ते पुढेच. ही जी तिकडची जुळी प्रत आहे ना, ती भलतीच आज्ञाधारक. इथे कुणी चुकून एक रिपोर्ट पुसला की तिकडेही लगेच पुसला जाणार. इथे एखादी फाइल नासली की तिकडचीही नासणार. आगीपासून वाचवेल, पण माणसाच्या चुकीपासून नाही.

म्हणून तिकडे आणखी थोडी जागा राखून ठेवतात. काहीही बदललं की बदलायच्या आधी तिथे काय होतं, ते त्या जागेत साठवायचं. मग चूक उघडकीला आली की उलट्या पावली चालत जायचं, कालच्या सकाळपर्यंत, परवापर्यंत, गेल्या आठवड्यापर्यंत. ऑफिसात या जागेला शेपूट म्हणायचे. शेपूट भरलं की सर्वांत जुनं टोक आपोआप गळून पडतं आणि तिथपर्यंत परत जायची वाट कायमची बंद होते. आता शेपूट किती लांब ठेवायचं? रोज किती बदलतं ते मोजायचं आणि किती दिवस मागे जाता यायला हवं ते ठरवायचं. फुटपट्टीचं सगळं आयुष्य या हिशेबात गेलं होतं.

बायकोला हे कधी कळलं नाही, म्हणजे तिनं कळून घेतलं नाही. ती म्हणायची, तुमचं काम म्हणजे काही झालं नाही तर कुणाला दिसत नाही आणि काही झालं तर तुमच्या डोक्यावर. यापेक्षा नेमकं वर्णन फुटपट्टीलाही जमलं नसतं. पण ताईला मात्र पहिल्या फटक्यात कळलं. शिलाई मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली होती, म्हणजे शिवणीच्या आत माया ठेवतो तसं. चुकलं तर उसवायला कापड हवं ना.

ताई त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा फुटपट्टी शाळेत होता आणि ताई शिवणकाम शिकत होती. तिचं शिकणं तिथेच संपलं आणि शिवणं सुरू झालं. लग्न केलं नाही. का, असं विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. भावाच्या घराची पुढची खोली तिची. तिथे मशीन, इस्त्रीचं टेबल, खुंटीला मापाची टेप आणि दारात कायम कुणीतरी बाई, झालं का हो विचारत. बायकोचं आणि तिचं पटायचं, कारण दोघी मिळून फुटपट्टीची टिंगल करायच्या. तो कुठेही वेळेवर पोचत नसे. त्यातून ताईला कुठे न्यायचं असलं की हमखास उशीर. आमच्याकडचा मापं घेणारा माणूस हा, त्याला घड्याळाचं माप तेवढं जमत नाही, असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

आणि मग तिच्या गळ्यात गाठ निघाली.

घशाच्या आत, बाहेरून दिसायचं नाही. आवाज बसला म्हणून ती आलं चघळत, गरम पाण्याच्या गुळण्या करत बसली आणि बरेच दिवस कुणाला बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, कापायची गरज नाही, शेक देऊ, गाठ विरघळेल. पण आता आणखी उशीर नको. एवढं वाक्य ते दोनदा म्हणाले. फुटपट्टीनं ते दोन्ही वेळा ऐकलं.

शेक म्हणजे किरणांचा. माणसाला टेबलावर निजवतात आणि यंत्र बरोबर त्या गाठीवर किरण सोडतं. केसभरही हलून चालत नाही. म्हणून आधी चेहऱ्याची जाळी करतात. गरम पाण्यातून काढलेला प्लॅस्टिकचा जाळीदार तुकडा तोंडावर, गळ्यावर, खांद्यापर्यंत दाबून बसवायचा आणि तो थंड होऊन कडक होईपर्यंत निपचित पडायचं. कडा टेबलाला पक्क्या अडकवलेल्या. मग त्या जाळीतच स्कॅन काढायचा, आणि त्या स्कॅनवरून डॉक्टर आठवडाभर बसून कुठून किती किरण सोडायचे याचा आराखडा करतात. प्लॅन म्हणतात त्याला.

ताईनं पहिल्या खेपेला ती जाळी ओरबाडून काढली. टेबलावरून उतरली आणि चपला न घालता बाहेर येऊन बसली. मला जिवंत पुरतायत असं वाटलं, एवढंच म्हणाली. आयुष्यात कुणाला न घाबरलेली बाई, आता चपला आणायलाही आत जाईना. शेकाचं यंत्र चालवणाऱ्या मशीनवाल्या बाई समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, उद्या दुपारी तीनला पुन्हा बघू, जाळी कडक होईपर्यंत घरचं एक माणूस आत उभं राहिलेलं चालेल. ताईनं फुटपट्टीकडे पाहिलं. उद्या तरी वेळेवर ये, ती म्हणाली. टिंगल करायच्या आवाजात म्हणाली, पण डोळे तसे नव्हते.

आता नेमकी त्याच दिवशी, त्याच दुपारी खात्यात जागेची वाटणी होती.

वाटणीचं प्रकरण असं. कपाटभर नव्या डिस्क येऊन पडल्या होत्या आणि साहेब ती जागा खात्याखात्यांत वाटणार होते. साहेब वयानं लहान, हुशार, वाईट माणूस मुळीच नाही. पण ऑफिसात एक रीत होती, साहेब यायच्या आधीपासूनची, आणि ती कुणी कधी तोंडानं बोलून दाखवली नव्हती. प्रत्येकानं मागताना हवा भरायची आणि देणाऱ्यानं ती काढायची. दोन हवं असलं तर तीन मागायचं, साहेबांनी तिसरा हिस्सा कात्री लावून उडवायचा, शेवटी हवं तेवढंच हातात. सगळ्यांचं समाधान. मागणाऱ्याला वाटायचं आपण शहाणे, कापणाऱ्याला वाटायचं आपण शहाणे. फुटपट्टीही वर्षानुवर्षं हवा भरत आला होता. नावाला सरळ माणूस, पण हवेच्या बाबतीत चारचौघांसारखा. इतकं अंगवळणी पडलं होतं की पंपाचं काम डोक्याशिवाय आपोआप व्हायचं.

घरीही तेच. ताईला दवाखान्यात आणलं की तो डॉक्टरांनी अर्धा तास सांगितला तर पाऊण सांगायचा, म्हणजे नंबर लवकर लागला की तिला बरं वाटेल. ताईनं हे दुसऱ्याच दिवशी ओळखलं. तो पाऊण म्हणाला की ती म्हणायची, म्हणजे अर्धा.

या वर्षी मात्र त्यानं हवा भरली नाही. का, हे त्याला धड सांगता आलं नसतं. नवं स्कॅनचं यंत्र आल्यापासून रोजची आवक दुपटीवर गेली होती. त्यानं शांत आठवडा नाही, चांगला गर्दीचा आठवडा निवडून मोजणी केली होती. पंधरा दिवस मागे जाता येईल असं शेपूट धरलं होतं. आकडा खरा होता, आणि त्या खऱ्या आकड्याला फुगवून, मग कुणीतरी तो फोडणार, मग आपण नाराज झाल्याचं नाटक करणार, या सगळ्याचा त्याला अतोनात वीट आला. घरी ताईचं ते रात्रंदिवस खाकरणं, आणि इथे हे पोरखेळ. त्यानं आकडा जसाच्या तसा पाठवला आणि खाली एक ओळ लिहिली, की यात हवा नाही.

साहेबांनी ती ओळ मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवली. सगळे हसले. साहेब म्हणाले, ही नवी युक्ती बरी आहे, पुढच्या वर्षी सगळेच लिहितील. आणि हसत हसत त्यांनी तिसरा हिस्सा कापला. कापलेली जागा गाड्या लावायच्या आवारातल्या कॅमेऱ्यांना गेली.

फुटपट्टीनं तोंड उघडलं. मुद्दे तयार होते, मोजणीचे आलेख तयार होते. समजवायला अर्धा तास पुरला असता. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीनला थोडाच वेळ राहिला होता.

“चालेल,” तो म्हणाला आणि उठला.

अहो, एक शब्द. दिवसातून पन्नास वेळा आपण म्हणतो तो. चहात साखर कमी पडली, चालेल. खिडकीकडची जागा नाही, चालेल. जिना उतरताना फुटपट्टीच्या मनात आलंही की उद्या येऊन पुन्हा बोलू. पण उद्या जागा वाटून झालेली असते, आणि वाटलेली जागा परत मागणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं ओढून घेणं. तो पुन्हा बोलला नाही.

खाली मात्र तो तीनच्या आधी पोचला. ताईनं त्याला दारात पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की त्याला स्वतःचीच लाज वाटली. आज सूर्य कुठून उगवला, असं तिनं त्या बसक्या आवाजात विचारलं. तिचे हात पट्ट्यांनी बांधलेले, तोंडावर जाळी. धरायला काही उरलं नव्हतं, म्हणून फुटपट्टीनं टेबलाच्या पायथ्याशी उभं राहून तिच्या पायाचा अंगठा धरला. पुरी जाळी कडक होईपर्यंत धरून ठेवला. या वेळी ती हलली नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं भावजयीला सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा तुझा नवरा वेळेवर आला गं. पुढचे चार दिवस येणाऱ्या प्रत्येक बाईला तिनं ते सांगितलं.

आठवड्यानं प्लॅन तयार झाला. आणि ज्या दिवशी शेक सुरू व्हायचा त्या दिवशी ताईला ताप भरला. छातीत कफ. डॉक्टर म्हणाले, ताप उतरू दे, छाती मोकळी होऊ दे, प्लॅन कुठे पळून जात नाही. दोन आठवडे गेले. घरातले सगळे थकले. बायको पाणी गरम करून करून थकली, फुटपट्टी ऑफिस आणि घर करून थकला, ताई पडून पडून थकली. मशीनवर कापड घातलेलं तसंच. एकदा ती म्हणाली, शिवण घातलीय पण धागा तोडला नाही असं वाटतंय. ताप गेला तेव्हा गाल बसले होते. तरी जाळी लावून बघितली, थोडी सैल पण चालण्यासारखी होती. उद्या सकाळी या, सुरू करू, असं मशीनवाल्या बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताईचा प्लॅन उघडला तर आत काही नाही. नाव आहे, वय आहे, आणि पुढे नुसता कोरा पडदा.

फुटपट्टी ताईला बाहेरच्या बाकावर बसवून धावतच आपल्या खात्यात गेला. तासाभरात उलगडा झाला. प्लॅनच्या प्रोग्रॅममध्ये मागे एक नवी सुधारणा टाकली होती, अपडेट म्हणतात ते. त्यानं तयार होऊन वाट बघत असलेले प्लॅन गुपचूप नासवून ठेवले होते. ज्यांचा शेक चालू होता त्यांचे प्लॅन यंत्राच्या पोटात आधीच उतरलेले, म्हणून ते वाचले आणि म्हणून इतके दिवस कुणाला पत्ताही लागला नाही. जे अजून उघडायचेच राहिले होते, ते पाच-सहा गेले. जुळ्या प्रतीतही गेले, ती तर आज्ञाधारकच. दर महिनाअखेरीला एक वेगळी प्रत निघायची, पण ती निघाली तेव्हा ताईची जाळीसुद्धा झाली नव्हती. म्हणजे उरलं फक्त शेपूट.

अपडेट टाकून बारा दिवस झाले होते.

फुटपट्टीला हा आकडा कळला तेव्हाच उत्तर कळलं होतं. वजाबाकी काही अवघड नव्हती. पंधरातला तिसरा हिस्सा गेला की दहा राहतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. तरीपण त्यानं शेपूट उलगडलं. कधी कधी मधे शांत दिवस जातात, आवक कमी होते, टोक थोडं लांबतं. खुर्चीमागे साहेब उभे होते, त्यांचा श्वास त्याच्या मानेवर लागत होता. तो एकेक दिवस मागे जात राहिला. सर्वांत जुन्या टोकाशी पोचला. ताईची फाइल उघडली. कोरा पडदा.

दोन दिवसांनी हुकलं.

मग साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. कुणाची फाइल उघडली हे त्यांना नाव वाचून कळलं होतं, दोघांचं आडनाव एकच.

“मला वाटलं तुम्ही नेहमीसारखी हवा भरलीय,” ते म्हणाले.

“मी लिहिलं होतं, साहेब.”

“लिहिलं होतं. पण मी कापलं तेव्हा तुम्ही चालेल म्हणालात. मला वाटलं, खरं असतं तर भांडला असता.”

साहेबांचं खोटं नव्हतं. इतकी वर्षं त्या खोलीत खऱ्याखोट्याची पारख तीच होती. भांडतो त्याचं खरं, गप्प बसतो त्याची हवा. त्याला साहेबांचा राग आला नाही. स्वतःचा आला, तोही धड नाही. थकून गेलेल्या माणसाला राग पेलत नाही.

साहेब म्हणाले, संचालकबाईंनी दुपारी तीनला सगळ्यांना वर बोलावलंय, जागेची वाटणी नव्यानं करायची म्हणून. तुम्ही या, तुमचा आकडा तुम्हीच मांडा. बाईंचं डोकं तापलंय तोवर होईल ते होईल, नंतर कुणी विचारणार नाही.

फुटपट्टी खाली आला. ताई बाकाच्या टोकाला बसली होती, पिशवी मांडीवर, पिशवीत पाण्याची बाटली आणि एक अर्धवट काजं केलेला ब्लाउज. डॉक्टरांचं तिला निम्मं सांगून झालं होतं. सगळं पहिल्यापासून करायचं, तेही पाच-सहा जणांचं एकदम, म्हणून या वेळी आठवड्यात होणार नव्हतं. नव्यानं करायचं तर गाल बसल्यामुळे जाळीही नवी. मशीनवाल्या बाईंनी मधली वेळ काढून दिली होती, आजच, दुपारी तीनला. किती दिवस जातील ते मात्र ताईनं डॉक्टरांना विचारलं नव्हतं. तिनं भावाला विचारलं.

“दहा दिवस,” तो म्हणाला.

“म्हणजे सात.”

ती सवयीनं म्हणाली. सात म्हणताना जरा सावरूनही बसली, सात दिवस काढायची तयारी केल्यासारखी. फुटपट्टीच्या जिभेवर तो शब्द आला. म्हणून टाकावा, तिला आत्तापुरतं बरं वाटेल, आठव्या दिवशीचं आठव्या दिवशी बघू. त्यानं तो गिळला.

“नाही ताई. दहाच. एकही कमी नाही.”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. 

“इतकं ठासून तू कधी बोलत नाहीस,” ती म्हणाली. “काय झालं वर?”

मग त्यानं सांगितलं. शेपूट किती मागितलं, किती कापलं, किती दिवसांनी आखूड पडलं. शिवणकामातल्या बाईला आखूड म्हणजे काय हे फोडून सांगावं लागलं नाही. आणि मी चालेल म्हणालो, असं शेवटी तो म्हणाला.

ताईनं ब्लाउज पिशवीत आत सरकवला. “लहानपणापासूनचं आहे तुझं. घाई असली की चालेल. घाई कसली होती एवढी?”

फुटपट्टी खाली बघत बसला. फरशीवर बाकाच्या पायांनी घासून पांढरे ओरखडे उठले होते. यावर हवा भरलेलंही उत्तर सुचेना आणि हवा काढलेलंही. ताईनं दोनदा विचारलं नाही. त्याच्या गप्प बसण्यातून तिला हळूहळू उमगत गेलं, आणि ते उमगताना तिच्या चेहऱ्याकडे त्याला बघवेना.

“जाळीचा दिवस ना तो,” ती म्हणाली. “वेळेवर आलास तो.”

त्यानं मान हलवली.

ताईनं डोळे मिटले. तिला रडू येईल असं त्याला वाटलं, पण तसं काही झालं नाही. ती फक्त फार दमलेली दिसली, तापात दिसायची त्याहूनही. मग तिनं विचारलं, आज वर काही आहे का? आहे, तीनला, असं त्यानं सांगितलं, आणि लगेच हेही की तो जाणार नाही, साहेब काय ते बघतील, तो इथेच तिच्याजवळ थांबणार आहे.

“तू वर जा,” ताई म्हणाली. “इथे नाही आलास तरी चालेल.”

“ताई.”

“मला सवय झालीय आता जाळीची. माझ्यासारखी आणखी पाच माणसं बसलीत ना घरी? त्यांनाही दहा सांगणार तुम्ही. जा. आणि चालेल म्हणून उठू नकोस.”

तो गेला. जाताना मागे वळून बघायचं नाही असं ठरवून गेला आणि जिन्याच्या वळणावर वळून बघितलंच. ती चष्मा काढून पुसत होती.

वर मोठं टेबल, पाण्याचे ग्लास, सगळ्यांचे पडलेले चेहरे. संचालकबाईंनी विचारलं, तुमचा आकडा किती? त्यानं सांगितला, तोच, पहिल्या दिवशीचा. साहेबांनी त्याची बाजू घेतली, पण हात सवयीचा. ते म्हणाले, दोन हिस्से तर आहेतच, तिसऱ्यातलं अर्धं आत्ता घ्या, अर्धं पुढच्या महिन्यात. कॅमेऱ्यांच्या माणसानं लगेच मान डोलावली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते. खाली गरम पाण्यातून जाळी बाहेर काढली असेल, असं फुटपट्टीला दिसलं. पट्ट्या आवळल्या असतील. त्याचे पाय जणू कुणी दाराकडे ओढत होतं.

“नाही चालणार,” तो म्हणाला.

आलेख दाखवले. पुन्हा दाखवले. कॅमेऱ्यांच्या माणसाशी वाद घातला. आवाज चढला तेव्हा तो ऐकून त्याचं त्यालाच नवल वाटलं. संचालकबाईंनी होकार दिल्यावरही तो उठला नाही, साहेबांनी तिथल्या तिथे पडद्यावर जागा शेपटाला जोडेपर्यंत बसून राहिला. मग निघाला. जिना कसा उतरला ते त्याला आठवत नव्हतं.

शेकाच्या खोलीचं दार बंद होतं आणि वरचा लाल दिवा लागलेला. बाकावर ताईची पिशवी आणि पिशवीवर घडी केलेला चष्मा. तो पिशवी मांडीवर घेऊन बसला. आत जाळी लावलेली बाई ओरडली तरी बाहेर ऐकू येत नाही, हे त्याला पहिल्या खेपेला कळलं होतं.

दिवा विझला. दार उघडून ताई भिंतीला धरत बाहेर आली. कपाळावर, गालांवर जाळीचे चौकोन उमटले होते.

“मिळाली का जागा?” तिनं विचारलं.

“मिळाली. सगळी.”

“मग झालं तर.”

“घाबरलीस का गं?”

“थोडीशी,” ताई म्हणाली आणि चष्म्यासाठी हात पुढे केला. तळहातावर चारी नखं रुतून चार लाल खाचा पडल्या होत्या, एकीतून रक्त आलं होतं. फुटपट्टीनं चष्मा तिच्या हातात दिला नाही, स्वतःच तिच्या डोळ्यांवर चढवला. तिची पिशवी खांद्याला लावली, आणि तिचा तो हात धरून दोघं दाराकडे निघाली.